रोजचे सहा

पहाटे साडेचारला गोळीबार चौक सोडला.
कॅरिअरला दोन ट्यूब, पंप, कालच्या पोळ्या,
लसणाची चटणी, आणि बाबांचा पितळी बिल्ला:
सतराशे बारा, साचे खाते, दुसरी पाळी.
बिल्ला कशाला घेतला, ते मला विचारू नका.

मिलच्या जागी आता काच आहे, सरकता जिना आहे.
चौकीदार म्हणाला, "ताई, पार्किंग खालून."
झिरो माइलच्या घोड्यांना एक वळसा घातला.
देशाची अंतरं इथून मोजतात म्हणे.
आमच्या घरची मिलच्या गेटापासून.

उमरेड रोडला लागेस्तोवर उजाडलं.
खाणीने पोटातून काढलेल्या मातीचे डोंगर,
त्यांच्यावर आता बाभळी, बाभळींवर सुगरणीची घरटी.
डांबराला खेटून छोट्या लाइनचा भराव,
रूळ उपटून नेलेले, खडी तेवढी जागची हलली नाही,
एका स्टेशनाच्या फलाटावर मिरची वाळत घातलेली.

तिथे बाकड्यावर गजघाटे. या लाइनचे गेटमन होते.
फाटक गेलं, खोली गेली, शिट्टी अजून खिशात.
"कुठून आली बाई?"
"नागपूरहून."
"सायकलनं? काहून, बस बंद हाय का?"
"बाबा पवनीचे. हातमाग सोडून मिलमध्ये आले होते."
"मंग तू उलटी जाऊन राह्यली म्हन."

घर ते गेट तीन. जाऊन-येऊन सहा.
वर्षाचे तीनशे दिवस, अशी एकतीस वर्षं.
गजघाट्यांनी धुळीत बोटाने गुणाकार मांडला,
शून्यं दोनदा पुसली.
पंचावन्न हजार आठशे.
"पृथ्वीला एक फेरा," मी म्हणाले, "वर पंधरा हजार."
"अन् पोचले कुठं?"

मी चेनला तेल घालत बसले.

भिवापुरात शिंकांनी डोळे भरले,
पुढे मागचं चाक बसलं, उन्हात पॅच लावला,
एका ट्रॅक्टरवाल्याने पाणी दिलं आणि लग्नाचं विचारलं.
दिवस कलताना पवनी. खंदक, दगडी दरवाजा,
किती राजे होऊन गेले त्याला मोजता येणार नाही,
आतल्या एका गल्लीत एकच माग चालू,
खट् आणि खट् यांच्यामध्ये एक श्वास जागा.

दगडांच्या हिशेबाने सत्त्याऐंशी झाले.
म्हणजे बाबांचे साडेचौदा दिवस.
त्या अर्ध्या दिवसापाशी मी अडकले.

मिल बंद झाली त्या दिवशी
जाताना तीन त्यांनी चालवले होते.
येताना सायकल हातात धरून आले,
दिवेलागणीला, फुटपाथच्या कडेने,
हवा नीट होती दोन्ही चाकांत.
गजघाट्यांचं गणित तीनने चुकलं.

दरवाज्यात एक पोरगा सायकलभोवती फिरतो,
काळी दांडी, झिजलेलं सीट, डायनॅमोचा दिवा.
"गिअर किती हायत हिले?"
एकही नाही, म्हटलं.
उद्या वारा समोरून आहे.