वजनकाटा

जाळं इथून जातं तेव्हा बेचाळीस किलो.
परत येतं एकशे ऐंशी.
मधला फरक समुद्राचा,
असं म्हणून निकमशेठ पावतीवर सही ठोकतात.

सातपूरला समुद्र ट्रकने येतो,
कसारा घाट चढून, ताडपत्रीखाली,
दूधवाल्यांच्याही आधी.
वास त्याच्यापुढे धावतो.
शेजारच्या नटबोल्टवाल्यांनी
दोनदा अर्ज दिलाय आमच्या नावाने.

मी पेठकडची. पाणी म्हणजे मला
झिऱ्याचं, वाटीवाटीने उपसलेलं.
खारं पाणी मी बोटांनीच चाखलं,
बार्नेकलच्या धारेवर
पहिल्याच दिवशी चार ठिकाणी कापलेल्या.
कालवं, शिणाणे, चिखलाच्या नळ्यांत राहणारे किडे,
आणि एक तपकिरी केसाळ काहीतरी,
तांडेल त्याला लव म्हणतात.
जाळ्याचा डोळा इंचभर.
तीन आठवड्यांत सगळ्यांनी मिळून तो मिटलेला असतो.
मग आतला जिताडा
पाण्यात राहून पाण्यावाचून गुदमरतो.

म्हणून मी खरवडते.
प्रेशर पंप, पत्र्याची पाती, नारळाचा काथ्या,
आणि शेवटी नखं.
कुणी घर बांधलंय ते मोडताना
जिवाला काही वाटतं का, असं जाईनं विचारलं एकदा.
मी म्हटलं, रोज साडेतीनशे वाटतात.

परवाचं जाळं मात्र हलकं आलं.
काटा एकसष्टवर थांबला.
मी पुन्हा ठेवलं. पुन्हा एकसष्ट.
निकमशेठ खूश, धुवायला कमी, पैसे तेवढेच.
ना कवच, ना लव,
दोऱ्यांवर नुसती एक चकाकी,
लहान मुलाच्या नाकासारखी.

हातमोजा फाटका होता.
मनगटापासून कोपरापर्यंत
खाजकुइलीची शेंग फिरवावी तशी आग.
रंग नाही, आकार नाही, कुठे काही चिकटलेलंही नाही,
फक्त जळणं.

संध्याकाळी हरेश्वर तांडेलांचा फोन.
दुसरं जाळं नका पाठवू, बाई.
झार आली होती. रात्रभर.
जाळ्याला आपटून तुकडे तुकडे झाली
आणि तुकड्यांनी आत शिरली.
एकाही माशावर जखम नाही.
कल्ले उघडून बघितले तेव्हा कळलं.
मग ते थोडा वेळ बोलले नाहीत,
मागे कुणीतरी होडीचं इंजिन चालू-बंद करत होतं.
हाताला व्हिनेगर लावा, म्हणाले.
मी सांगितलंच नव्हतं त्यांना हाताचं.

आमच्या शेडचं पाणी टाकीत निवतं,
मग नंदिनीत, नंदिनीतून गोदेत,
आणि गोदा निघते उगवतीला.
मावळतीच्या समुद्रातलं जे काही
त्या टाकीतून निसटत असेल,
ते कुठल्या भलत्याच समुद्राला जाऊन भेटेल,
पोचलंच तर.
मला हे जाईच्या भूगोलाच्या वहीतून कळलं.

रजिस्टरमध्ये तीन रकाने आहेत.
आलेलं वजन. गेलेलं वजन. फरक.
एकसष्ट वजा बेचाळीस, एकोणीस.
हे एकोणीस कसले, ते लिहायला जागा नाही.
मी पेन डाव्या हातात धरलं,
उजवा अजून पेटलेला होता,
आणि आकडा वाकडा आला.
निकमशेठ म्हणाले, चालेल.