आवाज बंद करून पाहिलेला सामना

सगळे म्हणतात, अर्नासनं जिंकून दिलं.
शेवटच्या सेकंदाचा तो लांबचा चेंडू,
बेकरीतल्या पोरी पावासोबत त्याचंच कौतुक
पुडीत बांधून देतात.
बांधा. मी पाव घेते, वाद घालत नाही.

पण मी सामना पाहिलाय आवाज बंद करून.
पलीकडच्या खोलीत आई, खोकून खोकून नुकता डोळा लागलेला,
आणि क्लाइपेदातल्या आमच्या भिंती बिस्किटाएवढ्या जाड.
तेव्हा पात्रासमधले सात हजार ग्रीक
माझ्या पडद्यावर नुसतेच तोंड उघडत होते
बर्फावर टाकलेल्या माशांसारखे.
(बाजारात मी मासेच विकते. दुसरी उपमा कुठून आणू?)

पहिला क्वार्टर, अकरा गुणांनी मागे.
आपली पोरं एकमेकांच्या कानाशी ओरडत होती
तरी चेंडू भलत्याच हातात.
किती गोंगाट असेल तिथं
ते मी त्यांच्या मानेच्या शिरांवरून मोजलं.
मग कोचनं टाइमआउट घेतला
आणि, हे कुठल्याच पेपरात आलं नाही,
तो बोललाच नाही.
दोन बोटं. मूठ. उघडा तळवा.
तिथून पुढं आपला संघ हातांनी बोलला.
सात हजार माणसं ओरडत राहिली,
ऐकायलाच कुणी नव्हतं.

आता तौत्विदास.
वय चौतीस, दोन गुण, चार फाउल, रिबाउंड शून्य.
आकडे वाचून तुम्ही पान उलटलंत.
मी विजेच्या बिलामागे पेन्सिलीनं रेघा मारत होते:
सतरा स्क्रीन.
सतरा वेळा तो दाराच्या चौकटीसारखा उभा राहिला
आणि त्यांचा तो वाऱ्यासारखा पोरगा
सतरा वेळा चौकटीवर आपटला.
पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं म्हणतात.
इथं ठेच लागलेलाच शहाणा झाला:
चौथ्या क्वार्टरमध्ये आपटायच्या आधीच
अर्धं पाऊल थबकायला लागला.
बस. अर्धं पाऊल.
अर्नासचा चेंडू त्याच फटीतून गेला.

भाऊ फोनवर म्हणाला,
तुला बास्केटबॉल कळत नाही, रुता,
तू जिथं तिथं ओझं उचलणारा शोधतेस.
असेल.
पण शोधला की सापडतो ना?

चेंडू जाळीतून पडला तेव्हा
आवाज थांबल्याचं मला दिसलं.
ढोलवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या.
पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं
मफलरची घडी घातली, एक, मग आणखी एक,
इस्त्रीवाल्याकडून आणल्यासारखी.
मी तोंडावर उशी दाबून धरली होती.

“जिंकलो का?”
भिंतीपलीकडून आई.
झोपली नव्हतीस? कसं कळलं?
“हरलो की तू खुर्ची मागं ढकलतेस.
आज नाही ढकललीस.”

मग तिच्या पायथ्याशी बसून
औषधाची वेळ होईपर्यंत सगळं सांगितलं,
बोटं, मूठ, तळवा, बिलामागच्या रेघा.
अर्नासच्या चेंडूला तिनं नुसतं हं केलं.
तौत्विदासचं ऐकून जरा उठून बसली,
आणि विचारलं,
“गुडघे कसे आहेत गं त्याचे?”