तक्रार क्रमांक तीन

बाग अजून उघडलेली नाही, तरी
प्यो आजोबा खिडकीच्या काचेवर नाणं वाजवतात.
ज्येष्ठांचं एक. अर्धी किंमत.
मी म्हणते, साडेनऊला या.
ते म्हणतात, फुलांना सांगितलंत का साडेनऊ?

मार्च संपत आलाय. ओहोटीनं समुद्र इतका मागे नेलाय
की कालवं काढणाऱ्या बायका
चिखलात सांडलेल्या स्वल्पविरामांसारख्या दिसतात.
वारा खारट, कानाला चावणारा,
आणि कुंपणाच्या आत
मॅग्नोलियाच्या एकाही झाडावर पान नाही,
नुसती फुलं.
पाहुणे येऊन उभे,
आणि घरात अजून चटईसुद्धा घातलेली नाही.

आमच्याकडे याला म्हणतात झाडावरचं कमळ.
कळीला लव असलेलं टोपरं,
ते फाडून ती बाहेर येते, कुंचल्याच्या टोकासारखी.
पाकळी हातात घेतली तर
साबणाच्या नव्या वडीइतकी गार आणि जड.
परवा रात्री दव गोठलं,
वरच्या फांद्यांवरची सगळी फुलं
केळ्याच्या सालींसारखी काळवंडली.
चोन-इल ती झाडत असतो सकाळपासून, पुटपुटत:
फांदीवर राणी, पायाखाली घसरण.

यंदा कार्यालयानं तळ्याच्या वाटेवर फलक लावलाय.
वळणदार अक्षरं, कोपऱ्यात चंद्र.
“ही कळी नेहमी उत्तरेकडे पाहते,
तिकडे राहिलेल्यांच्या ओढीनं.”
लोक त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात.

आजोबांनी तो चष्मा वर सारून वाचला,
मग चष्मा लावून वाचला,
आणि थेट माझ्या खिडकीशी परत.
कुणी लिहिलंय हे?
सोलहून एक बाई येतात, त्यांनी.
ओढबिढ काही नसते, ते म्हणाले.
ऊन येतं दक्षिणेकडून.
कळीची ती बाजू आधी तापते, आधी फुगते,
फुगलेली बाजू दुसरीला रेटते,
मान आपोआप पलीकडे कलते.
पाठ शेकते, बास, एवढंच.
खोडायला सांगा त्यांना.

मी वही काढली. तक्रार क्रमांक तीन.
(एक: स्वच्छतागृहात साबण नाही.
दोन: कुत्र्याला आत का सोडत नाही.)
पत्त्याच्या रकान्यात त्यांनी सांगितली
मासळीबाजारामागची गल्ली, निळं फाटक.
मूळ गावाचा रकाना आमच्या वहीत नाही.
मीही विचारलं नाही.
फक्त ‘पाठ’ म्हणताना त्यांनी जो हेल काढला
तो या किनाऱ्यावर कुणाचा नाही;
बाजारात कोळंबी विकणारी एक म्हातारी काढायची,
ह्वांगहेहून निघालेल्या
शेवटच्या होड्यांपैकी एकीत आलेली.
ती गेली, त्याला झाली आता नऊ वर्षं.

तळ्याकाठी पाच बाकं आहेत.
चार पाण्याकडे तोंड करून.
पाचवं गेल्या वादळात उपटलं होतं,
गवंड्यानं ते उलटं बसवलं.
त्याच्यासमोर पाहण्यासारखं काही नाही:
खताचा ढीग, बांबूचं कुंपण,
आणि मग आकाश, पुष्कळ.
त्यावर कुणी बसत नाही.

आजोबा बसले.
टोपी काढून गुडघ्यावर ठेवली,
थर्मासमधला बार्लीचा चहा झाकणात ओतला,
पण प्यायले नाहीत.
ऊन त्यांच्या मानेवर चढलं, मग कोटाच्या खांद्यांवर.

अकरा वाजता सून गाडीतून उतरून आली,
उन-जो, हातात मफलर:
बाबा, चला, गारठा आहे, किती वेळ.
त्यांनी वळून पाहिलं नाही.
थांब जरा, म्हणाले,
पाठ शेकतोय.