बारदान

रविवारी बाबा शेवटच्या बाकावर बसत, दाराजवळ,
कोपरापर्यंत दोनदा साबण लावून आलेले.
तरी नखांच्या कडा पिवळ्याच.
प्रभुभोजनाची भाकर बोटांतून तोंडात जाईस्तोवर
जराशी राजापुरी होऊन जायची.
पाळकबाई हसत: यहेज्केलभाऊ,
तुमचं काय रोजच लग्न असतं?

आम्ही वायदंडे. सांगलीच्या मार्केट यार्डात
बाबा हळदीचे तोलार.
रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारे वेगळे.
बाबांचं काम त्याच्यापुढचं.
पोतं काट्यावर. काटा थरथरायचा थांबेपर्यंत
श्वास धरायचा. आकडा मोठ्यानं म्हणायचा.
आणि मग बारदान वजा.

रिकामं पोतं भरतं किलोच्या आत.
शेठ म्हणाले, दीड धर. सगळेच धरतात.
अर्ध्या किलोत काय देव आडवा येतोय?

बाबा म्हणाले, येतोय.

याहून लांब प्रवचन मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.
उपासनेत कुणी मोठ्यानं प्रार्थना करायला सांगितलं
की घसा खाकरत राहायचे,
शेवटी नुसतंच आमेन.

त्या हंगामात त्यांना कुणी काटा दिला नाही.
हरिपूरच्या पेवांत उतरले,
आधी कंदील सोडायचा, विझला नाही तर माणूस सोडायचा.
आईची शिलाई मशीन माझ्या नर्सिंगच्या फीत गेली.
मी ओरडले, अर्ध्या किलोपायी?
ते जेवले. आमटीत मीठ नाही म्हणून आईवर खेकसले.
मग सगळ्यांची ताटं घासली.
संत वगैरे नव्हते.

पण एकदा डबा द्यायला गेले होते तेव्हाचं.
अथणीकडचा म्हातारा, घरून मोजून आणलेली हळद
वाटेत वाळून चार किलो घटलेली.
एष्टु? म्हणाला. पुन्हा म्हणाला, एष्टु?
मला वाटलं, शेठचा तोटा होऊ दे, सांगा दोन जास्त.
बाबांनी तोच आकडा सांगितला,
फक्त या वेळी हळू, त्याच्या कानडीत.
मग त्याच्याशेजारी जमिनीवर बसले,
आपल्या चहाची बशी त्याच्यापुढं सरकवली.
उरलेली नऊ पोती
पाठीवरून उतरवली. हमाली मागितली नाही.

आता रात्रीचे तीन. मिरज. प्रसूती वॉर्ड.
जतकडची लगमव्वा, पहिलटकरीण.
फडकं आधी काट्यावर ठेवते, शून्य करते,
मग बाळ.
एक किलो सातशे ऐंशी.

सिस्टर, दोन लिवा की. सासू भाईर हाय.
आदीच पोरगी, त्यात एवढीशी.

दोनशे वीस ग्रॅम.
मी काटा थांबेपर्यंत श्वास धरला होता,
तो अजून सोडलेला नव्हता.
१७८० लिहिलं.
लगमव्वानं तोंड भिंतीकडं केलं.

खुर्ची ओढली. बाळ तिच्या छातीवर पालथं,
कातडीला कातडी, वरून माझी शाल.
दर दोन तासांनी चमच्यानं दूध.
पाचला सासूला आत घेतलं, वाटी तिच्याच हातात दिली:
धरा आजी, माझा हात अवघडलाय.
ती बराच वेळ वाटीच बघत राहिली.
मग म्हणाली, नाक माज्यावर गेलंय.

दुसऱ्या रात्री वजन आणखी वीस ग्रॅम उतरलं.
तेही लिहिलं.

सुटले तेव्हा रविवार उजाडलेला, उपासना चुकणार होती.
सिटी बसमध्ये तिकिटासाठी हात पुढं केला,
नखांच्या कडा पिवळ्या.
आयोडीन.
साबण दोनदा लावला होता.