गाळलेली ओळ

पुन्ता अरेनासच्या वाऱ्यात
दार दोनदा ढकलावं लागतं.
एदुविना बार्रिया आज फ्रीझरच्या किल्ल्या देऊन टाकणार.

पूर्वी फिल्म उजेडावर धरून, पट्टी लावून वाचायची –
ए, सी, जी, टी –
दिवसाला तीनशे अक्षरं, डोळे चुरचुरेपर्यंत.
आता यंत्र रात्रीत अख्खा मासा संपवतं.

बर्फमाशाचं रक्त पाण्यासारखं.
शेजारी दुसऱ्या माशाची ओळ मांडली
तेव्हा दिसलं: लाल रंगाचं जनुक गेलेलं,
उरलाय एक तुकडा,
फाडलेल्या पानाची शिवणीत अडकलेली कड.

खेकडे धरणारा बाप विचारायचा,
‘म्हणजे जे नाहीच, ते शोधत बसलीस?’
‘नाही, पापा. कुठे होतं, ते.’

जुडग्यात एक किल्ली
आता कुठल्याच कुलपाला लागत नाही.
तेवढी तिने काढली नाही.