रक्कम

क्लाक्सविकच्या मासळी कारखान्यातून सुटल्यावर
रान्वा तीनदा हात धुते, तरी
व्हायोलिनला थोडा कॉडचा वास येतोच.

दाराशी बॅग कायमची भरलेली:
जादा तारा, राळेचा खडा, सुके मोजे,
स्वतःबद्दलच्या दोन ओळी.
आधी बारा होत्या. शाळेतलं बक्षीस गेलं,
मग आजोबाही गेले.
चाळीस मिनिटांच्या सुरावटी
अंडी उकडायच्या घड्याळावर मोजलेल्या.

सगळ्यात अवघड रियाज मात्र घरामागच्या उतारावर.
मेंढ्यांसमोर उभी राहून ती
आपली रक्कम म्हणते.
"चार हजार क्रोना."
पूर्वी आवाज शेवटी वर जायचा, प्रश्नासारखा,
नाहीतर शेपटीला "चालेल ना?" चिकटायचं.
मेंढ्या चरत राहायच्या.
त्यांनी कधी घासाघीस केली नाही.

शनिवारी धुकं उतरलं.
कोपनहेगनचं विमान बेटावर घिरट्या घालून
बँडसकट माघारी गेलं.
फोन आला. सभागृहवाला घाईत.

"चार हजार," ती म्हणाली
आणि थांबली.
पलीकडेही कुणी बोलेना.

मी गाडीची किल्ली मुठीत धरून उभा.
हे गप्प बसणं
तिने कधी घोटलं, कुणास ठाऊक.