पाचवी सही

डुलुथमध्ये गाद्यांचं एक दुकान बसलं
आणि दोन जोडप्यांनी ते भाड्यानं घेतलं.

आयली नाचायची. म्हणजे भिंतीला पाठ लावून
तासभर खाली घसरत यायची.
तिचा नवरा रूफस कॉन्ट्राबासच्या तारांत चमचे अडकवायचा.
ओडेल दोन रेडिओ-स्टेशनांमधली खरखर वेचायचा,
आणि ट्रुडी त्या खरखरीवरून चालायची,
नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून जावं तशी.

मी वरच्या मजल्यावर. तक्रार घेऊन उतरलो
तर हातात अर्ज.
संस्था नोंदवायची होती, पाच सह्या हव्या होत्या.
चौघांनी आपापसात तीनदा मोजून पाहिलं होतं,
चारच भरत होते.
पाचामुखी परमेश्वर, मी म्हणालो,
आणि अर्थ सांगता सांगता अडकलो.
दिगंबर खोचरे, खजिनदार.
ओडेलनं आडनाव मोठ्यानं चारदा वाचलं.
पुढच्या आठवड्यात ते टेपवर उलटं वाजत होतं.

शिल्लक: एकशे बारा डॉलर, एक गळका हीटर,
न खपलेल्या नऊ गाद्या.
प्रेक्षक त्यांवरच बसत, काही आडवे होत.
झोपलेल्यांना तिकीट अर्धं,
हा ट्रुडीचा ठराव. एकमतानं मंजूर.

जानेवारीत ठरलं:
मोसमातलं शेवटचं जहाज कालव्यातून जाईल,
भोंगा देईल, तीच सुरुवात.
अकरा माणसं. आयलीचा हात वर.
रूफसचा गज तारेपासून बोटभर लांब.
दहा मिनिटं. पंचवीस.
कुणाचं तरी पोट वाजलं.
चाळिसाव्या मिनिटाला गोदीतला एक म्हातारा
अंधारातून ओशाळत म्हणाला,
ते दुपारीच गेलं हो.
कुणी हललं नाही.
मग त्यानंच तळवे तोंडाशी धरले
आणि पोटातून भोंगा काढला,
लांब, खालच्या पट्टीतला, शेवटाला किंचित फाटलेला.

आयलीचा हात खाली यायला लागला.

इतिवृत्तात मी लिहिलं:
कार्यक्रम नक्की केव्हा सुरू झाला
याबद्दल सभासदांत मतभेद.

पुढे ओडेल-ट्रुडी वेगळे झाले.
बैठक मात्र दोघांनीही चुकवली नाही.
टेबलाच्या दोन टोकांना ते,
मीठ मागितल्यासारखं एकमेकांचं अनुमोदन मागायचे,
आणि मधे मी, वही उघडून.

ती वही अजून माझ्याकडे आहे.
त्या जानेवारीचा हिशेब काही लागत नाही,
दीड डॉलर जास्तच येतो.
कुणीतरी झोपलेलं असूनही
पूर्ण तिकीट देऊन गेलं असणार.